गुंतवळ

आमच्या वरच्या मजल्यावरची केनियाची शेजारीण अख्ख्या जगात एकाच गोष्टीवर विश्वास ठेवायची, आणि ती म्हणजे तिच्या मोठ्या बहिणीची वेण्या घालणारी बोटं. ती बोटं मोंबासात आणि बाई इथे हमद टाउनात, त्यामुळे बहरीनमधली यच्चयावत वस्तू तिच्या लेखी संशयित. नळाचं पाणी खारट, ते केस तोडतं, म्हणून डोकं धुवायला बाटलीतलं पाणी. सुती उशी केसांतलं तेल पिते, म्हणून उशीला सॅटिनचा अभ्रा आणि वर डोक्याला सॅटिनची टोपी. एसीचा झोत कुठून येतो हे बघितल्याशिवाय ती कुणाच्या घरात टेकायची नाही. आमच्याकडे पहिल्यांदा आली तेव्हा हॉलभर फिरून शेवटी स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी स्टुलावर बसली. मीना सलमान बंदरातल्या वर्कशॉपमधून दमून आलेल्या माझ्या नवऱ्याला वाटलं, बाईला भूक लागली असणार.

सीफ भागातल्या एका हॉटेलात ती रिसेप्शनला होती. केसांची कुठली तऱ्हा ठेवावी याचा विचार, आमच्याकडे मुलीचं स्थळ बघताना चालतो तेवढा चालायचा. मोकळे फुलवून ठेवले तर लिफ्टमध्ये अनोळखी माणसं खुशाल हात लावून बघतात. दोन-दोन पेडांचे पीळ घातले तर दमट हवेत फुगतात. डोक्याला चिकटून बारीक वेण्या घालाव्यात, तर घालणारीचा हात जड असतो. एकदा इथल्या कुठल्याशा पार्लरमध्ये इतक्या ओढून घातल्या, की कपाळालगतचे केस गेले ते परत आलेच नाहीत. ती जागा ती मला दाखवायची, पण बोट लावू द्यायची नाही. मी आपली मायेनं गुहागरहून आणलेली खोबरेलाची बाटली पुढे केली, तर तिने उजेडात धरली, हुंगली आणि या तेलाचं काय काय करतेस म्हणून चौकशी केली. मासेही तळते, असं मी खरं ते सांगून बसले. "सिस्टर, ऑइल मफी," म्हणाली, म्हणजे इथल्या अरबीत तेल नको, आणि बाटली परत सरकवली. असा राग आला मला! माहेरच्या सगळ्या पोरींच्या वेण्या मी घातलेल्या, आणि ही बया माझ्याकडे पाकीटमाराकडे बघावं तशी बघते.

मग ओल्या फरशीवर घसरून तिचा उजवा हात प्लॅस्टरमध्ये गेला. डोक्यावर गंगावन लावून तिनेच घातलेल्या बारीक वेण्या होत्या आणि त्या सोडायची वेळ उलटून गेली होती. आणखी राहिल्या तर मुळाशी जटा, आणि मग कात्रीशिवाय इलाज नाही. इतकी वर्षं जिवापाड जपलेले केस! शेवटी एका शुक्रवारी ती खाली आली, माझ्यापुढे पाठ करून बसली आणि डाव्या हातात आरसा धरून माझ्यावर पाळत ठेवली. मी फणीच्या टोकाने एकेक वेणी सोडायला लागले, आणि काय सांगू, हातात केसांचे पुंजकेच्या पुंजके! हिला टकली केली आपण, आता काही खरं नाही. हात मात्र सवयीने चालले. गुंतवळ बोटाभोवती गुंडाळलं, त्यावर थू केलं आणि कागदाच्या पुडीत ठेवलं.

आरशातले डोळे माझ्यावर रोखलेले. तू माझ्या केसांवर थुंकलीस का, असं तिने अगदी हळू विचारलं. मेले, म्हटलं. मग चाचरत सांगितलं, की आमच्याकडे केस असे उघडे टाकत नाहीत, कुणी घेऊन काही करणी केली तर? ती इतकी हसली, की आरसा पडता पडता वाचला. ते केस मी तोडले नव्हतेच म्हणे. रोजचे गळालेले वेणीत अडकून राहतात आणि सोडताना एकदम हाती येतात.

"माझी बहीणपण टाकत नाही," ती म्हणाली. "ती जाळते."

आणि तिने आरसा उपडा ठेवला. खोबरेल मात्र तेव्हाही नाही ते नाहीच.

प्लॅस्टर निघालं तरी शुक्रवारी ती माझ्याकडेच येत राहिली. पुढे व्हिसा संपला, खलास, ती मोंबासाला गेली. मला तिची फार आठवण येते. परवा फोनवर तिचा फोटो आला, मागून काढलेला, नव्या वेण्यांचा. बहिणीने घातल्यात, असं खाली लिहिलं होतं. आणि त्याखाली, "भांग सरळ आलाय का, नीट बघून सांग. हिचा काही भरवसा नाही."

मी चष्मा लावला, फोटो मोठा करून बघितला. भांग अगदी सरळ होता. किंचित वाकडा आहे, असं मी कळवून टाकलं.