व्हिडिओची शेपूट

इजिप्तमधल्या दुमियात शहरात, खुर्च्या बनवणाऱ्यांच्या गल्लीत कुणाचा फोटो बिघडला, की तो वफियाकडे येई. ती हे कुठे शिकली नव्हती, की त्यासाठी तिने वेगळं अ‍ॅपही घेतलं नव्हतं. फोनमध्ये जे मुळातच येतं, तेवढ्यावर तिचं सगळं चाले. काठ छाटायचे, तिरकी भिंत सरळ करायची, काळवंडलेल्या तोंडावर उजेड चढवायचा, व्हिडिओची नको असलेली शेपूट कापायची. "वफियाताई, यातून माझ्या नणंदेला काढ गं," म्हणत बायका येत, आणि वफिया नणंदेला अशी काढी, की मागे तिचा खांदासुद्धा उरत नसे. तान्ह्या बाळाला दृष्ट लागू नये म्हणून फोटोत त्याच्या तोंडावर निळा मणी चिकटवून देणं हेही तिचंच काम. गल्लीत तिला एवढाच काय तो मान होता. दुसरा मान तिथे बाईला मुलाबाळांमुळे मिळतो, आणि तिला मूल नव्हतं. एक झालं होतं, ते रडलंच नाही.

अशात धाकट्या दिराची बायको होऊन नहला घरात आली.

नहलाच्या फोटोला कुठलंच बटण लागत नसे. उजेड आपणहून तिच्या तोंडावर येऊन बसे. सासूने, हाज्जा इन्साफने, वफियाच्या भाताला उभ्या जन्मात बरं म्हटलं नव्हतं. तीच सासू नहलाचा करपलेला भात खमंग म्हणून खाई. वफियाच्या पोटात दुखे, आणि निदान स्वतःपाशी तरी ती ते नाकारत नसे. घरच्या फोटोंचे काठ छाटताना नहलाचं कोपर हमखास जाई.

"ताई, माझा हात कुठे गेला?" नहला विचारी.

"चौकटच लहान, त्याला मी काय करू? जरा आत उभी राहत जा."

नहला हसून सोडून देई, आणि त्या हसण्याने वफियाचा आणखीच तिळपापड होई.

या पोरीपुढे ती एकदाच घसरली होती. हिवाळ्यातली दुपार होती, दोघी कोबीच्या पानांत भात भरत बसल्या होत्या. कशावरून विषय निघाला कोण जाणे, पण वफियाच्या तोंडून निघून गेलं, "माझा जगला असता तर शिहाब नाव ठेवणार होते." नहला पुढ्यातलं पान तेवढं गुंडाळत राहिली. वफियाला नंतर स्वतःचाच राग आला. हिच्याजवळ काय म्हणून बोलले मी?

पुढच्या वर्षी नहलाला मुलगा झाला.

सातव्या दिवशी नाव ठेवायला सगळी गल्ली घरात लोटली. रीतीप्रमाणे बाळाला चाळणीत निजवलं, नहलाने ती चाळण ओलांडली, हाज्जा इन्साफ त्याच्या कानाशी पितळी खलबत्ता कुटत ओरडली, "आईचं ऐक रे बाबा, पण आधी माझं ऐक!" बायका हसून हसून बेजार झाल्या. पोरंटोरं मीठ उधळत खोल्याखोल्यांतून पळत होती. मग नावाच्या मेणबत्त्या लागल्या. या घरात तीन लावत, आणि जी शेवटपर्यंत जळेल तिचं नाव बाळाला. आजीने आपल्या मेणबत्तीचं नाव आधीच सांगून टाकलं होतं, महरूस. बापाने आसिर म्हटलं. आईने मात्र आपली मेणबत्ती जिंकेपर्यंत नाव कुणाला सांगायचं नसतं.

व्हिडिओ अर्थातच वफिया काढत होती. पण बाळ झाल्यावर वाटतात ते 'मुगात' नावाचं तुपाळ गरम पेय पाहुण्यांना कोण देणार? तिने फोन फडताळात साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला आणि पेले भरायला गेली. परत आली तेव्हा आसिर विझला होता, महरूस कापत होता आणि मधली नहलाची मेणबत्ती ताठ जळत होती.

"बघा, बघा!" सासू कौतुकाने म्हणाली. "हिच्या हातालाच बरकत आहे. या घराला आता कुठे उजेड दिसला."

आता कुठे! इतकी वर्षं या घरात भांडी घासली, फरशा पुसल्या, तो काय अंधार होता? वफियाच्या अंगाची आग आग झाली. बायका बाळाकडे वळल्या होत्या. सांडलेलं मेण पुसायला वाकावं तशी ती वाकली आणि ओल्या बोटांच्या चिमटीत तिने मधली वात दाबली. मग रिकामे पेले उचलून सरळ स्वयंपाकघरात गेली.

"अगंबाई, वाऱ्याने गेली वाटतं," बाहेर कुणीतरी म्हणालं.

"वारा कसला, नशीब आहे. महरूस तर महरूस!" सासू गरजली, आणि बायकांनी ललकारी दिली.

फोन चालूच राहिला होता, हे वफियाला दुसऱ्या दिवशी गच्चीत कपडे वाळत घालताना आठवलं. तिने तिथेच व्हिडिओ उघडला. आपली हिरवी बाही चौकटीत शिरताना दिसली, आणि पुढचं तिला बघवेना. तिने तिथून पुढची शेपूट कापून टाकली. जाता जाता उजवा काठही छाटला, म्हणजे नहला अर्धीच उरली. कापलं ते गेलं, याच समजुतीवर तिने आजवर सगळी गल्ली छाटली होती.

व्हिडिओ नहलाच्या माहेरी पोर्ट सईदला पाठवायचा होता. वफियाचे हात कणकेत होते, म्हणून नहलाने स्वतःच तिचा फोन घेतला.

"ताई, आई विचारेल, बाळंतीण कुठेय म्हणून. अर्धीच दिसतेय मी."

"चौकट लहान..."

"असू दे. छाटलेलं जात नाही, आतच असतं. हे बघ, 'मूळ' म्हणून बटण आहे."

"राहू दे गं, नहला!" वफिया ओरडली, पण बोट पडलं होतं.

दोघींनी शेजारी उभं राहून ते पाहिलं. हिरवी बाही आली. चिमूट आली. मेणबत्ती विझली. वफियाला वाटलं, जमीन दुभंगली तर बरं. नहलाने मान वर केली नाही, कारण व्हिडिओ अजून संपला नव्हता. ललकारी ओसरली आणि पडद्यावरची नहला फडताळाजवळ आली. बाळाला छातीशी धरून ती त्याच्या कानात बोलत होती, फोनच्या अगदी जवळ.

"गेलं रे तुझं नाव. शिहाब होणार होतास तू. मोठ्या काकूसाठी ठेवलं होतं, तिला आज आनंदाने रडवणार होते मी."

वफिया मटकन खाली बसली. कणकेचे हात तिने तोंडावर दाबले.

मग नहलाने व्हिडिओची शेपूट पुन्हा कापली, हिरवी बाही येते तिथूनच, आणि तो माहेरी पाठवून दिला. फोन ओट्यावर ठेवला. आतल्या खोलीत बाळ रडायला लागलं होतं.

"शिहाब..." वफिया पुटपुटली.

"नाही ताई," नहला म्हणाली. या वेळी ती हसली नाही. "महरूस. जा, तूच घे त्याला. नाव घेऊन हाक मार."

वफिया हात न धुताच उठली, आणि बाळाला घेऊन तिने महरूस म्हणून हाक मारली. तो गप्प झाला.