उजव्या चाकाचे उलटे आटे

कोपरगावच्या आयटीआयमध्ये मी सव्वीस वर्षं टर्नरचा ट्रेड शिकवला. लेथवर लोखंडाचा गज फिरत ठेवायचा आणि त्याला हत्यार लावून हवा तो आकार काढायचा, असं ते काम. एवढ्या वर्षांत साडेचारशेच्या वर पोरं माझ्या हाताखालून गेली असतील. मुली मात्र तीनच. त्यातल्या दोघींनी लग्नानंतर ट्रेड सोडला. तिसरी ज्ञानेश्वरी.

ती पाथर्डी तालुक्यातल्या डोंगराकडच्या एका गावची. वडील भीमा आणि आई दगडाबाई दरवर्षी दिवाळी झाली की बैलजोडी, टायरगाडी आणि बिऱ्हाड ट्रकात घालून कोपरगावकडे ऊसतोडीला यायचे आणि चैत्रात परत जायचे. लेकीची शाळा बुडू नये म्हणून त्यांनी तिला पाचवीपासून कोपरगावातच मावशीकडे, बायडाबाईकडे ठेवलं होतं. दहावी झाल्यावर ती आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा फॉर्म भरायला आली, तेव्हा त्या जागा भरून गेल्या होत्या. शिल्लक होती ती माझ्याकडे टर्नरची एक जागा.

मी तिला म्हणालो, "बाई, हे उभ्यानं करायचं काम आहे. आठ-आठ तास."

"मग जमेल," ती म्हणाली. "आमच्या घरात बसून काम कुणीच करत नाही, सर."

मी तिच्या अर्जावर सही केली.

दोन वर्षांत ती वर्गात दुसरी आली. पहिला आला संगमनेरचा समर्थ. पुढं सिन्नरच्या एका कारखान्यात तिला नोकरी लागली. कॉम्प्युटरवर चालणारं मोठं मशीन, एसी खोली, निळा गणवेश. घरचे खूश होते. चार वर्षांनी ती माझ्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "सर, मी नोकरी सोडली."

"का? काही बोललं का कुणी?"

"नाही, माणसं चांगली होती. पण रोज तीनशे बुश काढायचे, बोटाएवढ्या लोखंडी नळ्या. चार वर्षं तोच बुश. तो कुठल्या मशीनमध्ये बसतो ते विचारलं, तर कुणालाच माहीत नव्हतं. मला ज्याचं काम आहे त्याचं तोंड बघायचंय."

स्वतःचं वर्कशॉप काढायचं तिनं ठरवूनच टाकलं होतं. मी माझ्या परीनं भीती घालून पाहिली. ती शांतपणे ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "सर, जुना लेथ कुठं मिळेल तेवढं सांगा."

पुणतांबा फाट्यावर सहादेव मिस्तरींचं पत्र्याचं वर्कशॉप होतं. चाळीस वर्षं त्यांनी आसपासच्या गावांच्या मोटारी आणि कडबाकुट्ट्या दुरुस्त केल्या. डोळ्यांचं ऑपरेशन झालं, तरी बारीक दिसायचं थांबलं ते थांबलंच. आठ महिने शटर बंद होतं. मी ज्ञानेश्वरीला त्यांच्याकडं घेऊन गेलो. मिस्तरींनी तिला लेथवर एक गज कातायला लावला आणि स्वतः डोळे मिटून नुसता आवाज ऐकला. मध्येच म्हणाले, "हत्यार बोथट झालंय."

"माहीत आहे," ती म्हणाली. "एवढा फेर झाला की धार लावते."

मिस्तरींनी डोळे उघडले. लेथ आणि जागा दोन्ही द्यायला ते तयार झाले, पण एक अट घातली. "लेथ जागेवरनं हलवायचा न्हाई आन् माझी खुर्ची बी न्हाई."

अशा रीतीनं वर्कशॉप सुरू झालं, खुर्चीसकट. पहिले काही दिवस गिऱ्हाईक यायचं ते थेट खुर्चीपाशी. "मिस्तरी, काम तुमीच करनार ना?"

"मला दिसत न्हाई. ती करल. पटत नसंल तर लोखंड घिऊन घरी जा," मिस्तरी सांगायचे.

काही जण खरंच घरी गेले. त्यातले बरेचसे दोन-तीन दिवसांनी परत आले, कारण जवळपास दुसरा लेथ नव्हता. एकदा काम नेलं की मग ते खुर्चीकडं न जाता लेथपाशी जायला लागले. ज्ञानेश्वरी मायक्रोमीटर लावून माप घ्यायची, मिस्तरी नख फिरवून. दोघांचं रोज भांडण व्हायचं. माझ्यासमोर चार वेळा पैज लागली, त्यात दोनदा नख जिंकलं.

त्याच वर्षी ऊस सुरू झाल्यावर भीमा आणि दगडाबाईंची टोळी फाट्यापासून तीन-चार किलोमीटरवर उतरली. एका रविवारी ज्ञानेश्वरी आईवडिलांना भेटायला गेली, तेव्हा भीमा गाडीचं चाक उतरवून बसला होता. आतलं बेरिंग चिखलानं भरलं होतं, वंगण काळं पडलं होतं. पंधरा-वीस दिवसांनी हेच. ऊस भरलेली गाडी शेतातून काढायची म्हणजे पाटाकडेचा चिखल आलाच, आणि रस्त्याला लागल्यावर धूळ. ती चाकाच्या मधोमध आत जायची. तिथं पत्र्याचं झाकण असतं, पण ते पहिल्या खड्ड्यातच उडतं. मग लोक बारदानाचा बोळा कोंबतात. बेरिंग अडकायला लागलं की ओढ वाढते आणि सगळा भार बैलाच्या मानेवर येतो.

हे सगळं तिनं लहानपणापासून पाहिलं होतं. पण आता तिच्याकडं लेथ होता. खिशातल्या कुणाच्या तरी लग्नपत्रिकेच्या पाठीवर तिनं चित्र काढलं. चाकाच्या मध्यावर घट्ट ठोकून बसवायची एक कडी, तिच्यावर आटे पाडलेले, आणि त्या आट्यांवर फिरवून बसणारं भरीव टोपण. आत रबराची चकती. बाटलीच्या बुचासारखं.

भीमाला ते काही रुचलं नाही. "बैलाला आदीच जड हुतंय, त्यात आनी लोखंड कशाला वाढवतीस?"

दगडाबाई चुलीपाशी भाकरी थापत होत्या. त्या तिथूनच म्हणाल्या, "एकाच चाकाला लाव. दुसरं ऱ्हाऊ दे हाय तसं. मंग कळंल कोन खरं बोलतंय."

ज्ञानेश्वरीनं हे मला नंतर सांगितलं. तपासणी कशी करावी हे मी सव्वीस वर्षं फळ्यावर लिहून शिकवलं, पण इतक्या थोडक्यात मला कधी सांगता आलं नाही.

टोपण डाव्या चाकाला लागलं. अडीच महिने गाडी चालली. फेब्रुवारीत एका दुपारी टोळीसमोर दोन्ही चाकं उघडली. मलाही मुद्दाम बोलावलं होतं. उजवीकडं नेहमीसारखा काळा चिखल आणि बेरिंगवर खड्डे. डावं टोपण फिरवून काढलं, तर आतलं वंगण मधासारखं स्वच्छ. भीमानं त्यात बोट बुडवलं, उजेडात धरून पाहिलं, धोतराला पुसलं.

"दुसऱ्या चाकाला कवा लावतीस?" त्यानं विचारलं.

टोळीत बारा गाड्या होत्या. सगळ्यांनीच टोपणं मागितली. ज्ञानेश्वरीनं आठवडाभर खपून पूर्ण संच तयार केले आणि स्वतः जाऊन बसवून आली. परत येताना तिनं मिस्तरींसाठी जिलेबी आणली.

चौथ्या दिवशी टोळीतल्या भागूबाई चालत वर्कशॉपवर आल्या. मोकळ्या स्वभावाच्या बाई, पण त्या दिवशी हसत नव्हत्या. "ज्ञाना, तुझं टोपन उसात गेलं बघ. आता गावलं तर साखरंच्या पोत्यात गावंल."

ज्ञानेश्वरी लगोलग त्यांच्याबरोबर गेली. बारापैकी सात गाड्यांची टोपणं पडून गेली होती, चार गाड्यांची ढिली होती. ती सगळी उजव्या चाकाची. डावं एकही हललं नव्हतं. टोळीतलं कुणी वाकडं बोललं नाही, पण भीमा दिवसभर मान खाली घालून ऊस तोडत राहिला. ते तिला जास्त लागलं.

तिनं मला फोन केला. "सर, माझे आटे चुकलेत. कुठं चुकलेत ते कळत नाही."

मी एसटीनं फाट्यावर गेलो. उरलेली टोपणं मी एकेक करून मापली. आटे बिनचूक होते, परीक्षेत पैकीच्या पैकी गुण द्यावेत असे. मग पडतात तरी कशामुळं? मी आपला अनुभव पणाला लावून सांगितलं की आरपार भोक पाडून खिळा घाल.

"आन् दर येळंला खिळा काडून वंगन घालायचं?" मिस्तरी खुर्चीतून म्हणाले. "डाव्याला न्हाई लागत खिळा, मंग उजव्यालाच का? गाडी हितं आना."

भीमाची गाडी आणली. मिस्तरींनी उजवं चाक जॅकवर उचलायला लावलं आणि ज्ञानेश्वरीला सांगितलं, "फिरव. गाडी म्होरं चालल्यावानी."

चाक फिरायला लागलं. मिस्तरींनी चाचपडत हात पुढं केला आणि फिरत्या टोपणावर तळवा टेकवला. टोपण मागं राहिलं आणि चाक पुढं गेलं. दोन फेऱ्यांत टोपण ढिलं होऊन त्यांच्या हातात आलं. मग त्यांनी डाव्या चाकालाही तेच केलं. तिथं तळवा टेकवला, तसं टोपण आणखी घट्ट झालं.

"चिखल बी असाच हात लावतो," ते म्हणाले. "आन् उसाचा पाला."

आता माझ्या आणि ज्ञानेश्वरीच्या लक्षात आलं. गाडीच्या एका बाजूनं पाहिलं तर चाक घड्याळाच्या काट्यासारखं फिरतं आणि दुसऱ्या बाजूनं पाहिलं तर उलटं. दोन्हीकडं एकच आटे पाडले, तर एका बाजूचं टोपण वाटेतला चिखल आवळत जाणार आणि दुसऱ्या बाजूचं सोडवत जाणार. सायकलच्या डाव्या पायडलला उलटे आटे असतात, हे मी दरवर्षी वर्गात सांगत आलो. ते इथं मला आठवलं नाही. ज्याला दिसत नव्हतं त्याला ते हातानं कळलं.

ज्ञानेश्वरी त्या दिवसांत पहिल्यांदा हसली. हसतच ती वर्कशॉपात शिरली आणि लेथचे गिअर बदलायला लागली. उलटे आटे तिनं आयुष्यात एकदाच पाडले होते, माझ्याच वर्गात. पहिल्या दोन कड्या बिघडल्या. तिसरी जमली. मिस्तरींनी त्या कडीवर नख फिरवलं आणि काही खोट न काढता ती पुढं सरकवली, म्हणजे पसंत पडली असं आम्ही समजलो.

गाड्या बंद ठेवता येत नव्हत्या, म्हणून रोज दोन गाड्या ऊस खाली करून परतताना वर्कशॉपवर यायच्या आणि बैल वैरण खाईपर्यंत त्यांची उजवी चाकं तयार व्हायची. सहा दिवसांत बाराही झाल्या. पण आता नवीच अडचण उभी राहिली. वंगण घालायला टोपणं काढली की कुठलं डावं आणि कुठलं उजवं ते कळेना. कुणीतरी उजव्याचं टोपण डावीकडं जोर लावून बसवायला गेलं आणि आटे खराब झाले. ज्ञानेश्वरीनं टोपणांवर 'डावे' आणि 'उजवे' असं कोरायचं ठरवलं.

दगडाबाईंनी पहिलं कोरलेलं टोपण हातात घेऊन फिरवून पाहिलं. "हे कोन वाचनार? मी का भागू? रंग दे. डाव्याला तांबडा, उजव्याला हिरवा. आंधारात बी कळंल आसं कर, हिरव्याला एक खाच पाड."

तसंच केलं. त्या मोसमात एकही टोपण पडलं नाही.

पुढच्या वर्षी साखर कारखान्याच्या गाडी विभागातले साहेब स्वतः फाट्यावर आले. त्यांनी गाडीतळावर लाल-हिरवी टोपणं पाहिली होती. चारशे गाड्यांना लावायची, ऊस सुरू व्हायच्या आत. एका लेथवर हे होण्यासारखं नव्हतं. ज्ञानेश्वरी दुसऱ्याच दिवशी संगमनेरला गेली. वर्गात पहिला आलेल्या समर्थनं तिथं दूधधंद्याच्या मशीनचे सुटे भाग करायचं वर्कशॉप काढलं होतं आणि त्याच्याकडं मोठं नवं मशीन होतं. आयटीआयमध्ये दोघं एकमेकांच्या मार्कांवर डोळा ठेवून असायचे.

तो म्हणाला, "उलटे मी काढतो, अवघड आहेत. सुलटे तू काढ."

"सुलटे सगळे तू घे," ती म्हणाली. "उलटे माझ्याकडंच राहतील."

समर्थनं ते मान्य केलं. तेव्हापासून दोघांची कामं एकमेकांकडं जात-येत असतात. त्याच्याकडं मोठी ऑर्डर आली की ती हात देते, तिला मशीन कमी पडलं की तो. दोघंही मला फोनवर एकमेकांच्या कामातल्या चुका सांगतात, म्हणजे मैत्री पक्की आहे.

आज पुणतांबा फाट्यावर पत्र्याच्या दोन शेड आहेत. जुन्या लेथशेजारी आणखी एक लेथ, आणि गेल्या गुढीपाडव्याला आलेलं कॉम्प्युटरचं मशीन. चार माणसं काम करतात. त्यातल्या दोघी पाथर्डीकडच्या ऊसतोड टोळ्यांतल्या मुली, ज्योती आणि दिशा. दगडाबाईंनी कोयता खाली ठेवला, ऊसतोड सोडली. त्या आता टोपणं रंगवतात आणि डब्यात भरताना मोजूनही घेतात. भीमानं मात्र गाडी सोडली नाही. फक्त ती आता उसाची नसते. मोसमात तो गाडीत टोपणं, कड्या आणि वंगणाचा डबा घेऊन टोळ्या-टोळ्यांतून फिरतो आणि लोकांच्या चाकांना ती बसवून देतो. नव्या गाडीवानाला तो आधी फिरत्या टोपणावर हात ठेवायला लावतो आणि मगच समजावून सांगतो.

मी मागच्या वर्षी निवृत्त झालो. निरोपसमारंभ झाल्यावर आठवड्याभरातच ज्ञानेश्वरी घरी आली. मला वाटलं शाल-नारळ घेऊन आली असेल. ती वेळापत्रक घेऊन आली होती. ज्योती आणि दिशाला माप घ्यायला शिकवायला दर मंगळवारी दहा वाजता यायचं, असं त्यात लिहिलं होतं. मिस्तरींना ते शिकवता येणार नाही, कारण ते नखच शिकवतील, असं तिचं म्हणणं.

मागच्या मंगळवारी एसटी वीस मिनिटं उशिरा आली. मी घाईघाईनं शेडमध्ये शिरलो, तर दिशाच्या हातात मायक्रोमीटर होता आणि ज्योती वहीत आकडे उतरवत होती. ज्ञानेश्वरीनं लेथवरून मान न उचलता सांगितलं, "सर, त्यांनी तुमच्याशिवायच सुरू केलंय. बरोबर आहे का तेवढं बघा."

मी पिशवी खिडकीत ठेवली, चष्मा पुसला आणि बघायला गेलो. बरोबर होतं.