डावी पाकळी

खरं सांगायचं तर त्या सोमवारी मी देवळात भक्तीने गेले नव्हते, भांडायला गेले होते. तीन वर्षांपूर्वी गावाने सड्यावरची, म्हणजे वरच्या कातळपठारावरची, देवाची अर्धी राई चिऱ्यांच्या खाणीला दिली आणि माझ्या विहिरीचा झरा आटला. सासऱ्यांनी लावलेल्या पोफळी उभ्या सुकल्या. जिथे भर दुपारी काळोख असायचा तिथे आता लाल खड्डे आहेत, पाखरूही फिरकत नाही. सगळे म्हणत, "देवाचो कोप झालो." मला चीड यायची. राई आम्ही तोडायची आणि नाव देवाचं घ्यायचं? तरी मीही रोज त्यालाच जाब विचारायचे, आणि तो गप्प.

त्या दिवशी उरलेली राईही खाणीला द्यायची का, यासाठी देवाला कौल लावायचा होता. देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या लावतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गावाचे मानकरी, माझे चुलत दीर आप्पा, यांनी गाऱ्हाणं घातलं. बराच वेळ काही हललं नाही. मग डावी पडली. आप्पा खाकरले आणि पुन्हा सुरू झाले, "बा म्हाराजा, ह्येच्यात गावाचा भला आसा काय..."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. मागच्या खेपेला, अर्धी राई देतानाही, डावीच पडली होती आणि असाच प्रश्न फिरवला होता. गावाच्या भल्याला देव नाही कसा म्हणेल? तेव्हा सगळ्यांबरोबर "होय म्हाराजा" म्हणणाऱ्यांत मीही होते.

"आप्पानू, फिरून इचारू नकात!" मी ओरडले. "देवान नाय म्हटल्यान. तेव्वा पण नाय म्हटल्यान. आमीच आयकूक नाय. चूक आमची, म्हाराजा!"

आप्पांची नजर मला जाळत होती. इतक्यात दाराकडून खणखणीत आवाज आला, "होय म्हाराजा!"

वळून पाहिलं तर एक अनोळखी माणूस, हातात नारळ. नंतर कळलं, तो खाणीवर डंपर चालवायचा, दुष्काळी नांदगावकडचा होता. राई वाचली तर त्याचंच काम जाणार होतं. त्याच्यामागून एकेक करत सगळं देऊळ म्हणालं, "होय म्हाराजा." शेवटी आप्पाही म्हणाले, आणि उरलेली राई वाचली.

तो नारळ ठेवून निघून गेला. पुन्हा कधी दिसला नाही.

झरा अजून आलेला नाही. रोज लांबून पाणी आणते आणि येताना देवळाशी थांबते. देवा, मी तुला गप्प म्हणत होते. तू तर पहिल्याच खेपेला सांगितलं होतंस. आता तू नाही म्हणालास की मी दुसऱ्यांदा विचारणार नाही.