धाकट्याला नारळ मिळाला तेव्हा

धाकट्याला चॅनेलने नारळ दिला, हे ताईला टीव्हीवरूनच कळलं. ती तेव्हा कुणाच्या तरी दिवाणखान्याच्या पडद्यांना अस्तर लावत होती. मशीनवरचा पाय न काढता ती म्हणाली, बरं झालं. मग तिचं तिलाच वाईट वाटलं आणि तिने उठून टीव्ही बंद केला.

भाऊ म्हणून तो लाडका होता, पण टीव्हीवरचा तो तिला मिनिटभर सोसायचा नाही. कार्यक्रम गाड्यांचा, पण गाड्यांपेक्षा त्या चालवणाऱ्यांचीच खिल्ली जास्त. बायका, म्हातारे, ट्रकवाले, कुणाला म्हणून सोडलं नाही. लोक चिडायचे, चॅनेल माफी मागायचं आणि पुढच्या आठवड्यात बघणारे आणखी वाढायचे. या खेपेला मात्र शूटिंगच्या वेळी तिथला वयस्कर साउंडवाला म्हणाला, आवाज नीट आला नाही, पुन्हा बोला. आणि याने सरळ त्याची कॉलर धरली. कुणीतरी ते मोबाइलवर टिपलं. मग कुणाचंच काही चाललं नाही.

आता तो ताईच्या सोफ्यावर मुक्काम ठोकून होता. दाढी वाढली होती, तोंडाची टकळी मात्र तशीच. ताईच्या नवऱ्याला मेंदूचा झटका येऊन गेला होता. हातपाय सावरले, पण शब्द अडकायचे. भावोजींनी एक शब्द उच्चारेपर्यंत धाकटा अख्खं वाक्य पुरं करून मोकळा व्हायचा, तेही बहुतेकदा चुकीचं. ते मान खाली घालायचे.

बोलायला शिकवणारं केंद्र शहराच्या पार दुसऱ्या टोकाला होतं. बस बदलत तिथे पोचेपर्यंत भावोजी इतके दमायचे की तोंड उघडायचं त्राण उरत नसे. तिथल्या बाईंनी बजावलं होतं, आत्ता सराव झाला नाही तर पुढे बोलणं परत येणं कठीण. आणि घरची गाडी खाली धूळ खात उभी.

एका सकाळी ताईने गाडीची किल्ली धाकट्याच्या छातीवर ठेवली.

"ऊठ. मला शिकव."

मीच सोडतो की, तो म्हणाला. त्यावर ताईने सुनावलं की तू आज आहेस, उद्या दुसऱ्या चॅनेलने बोलावलं की पसार होशील. यांना मी तुझ्या भरवशावर ठेवणार नाही.

गोदामांमागच्या रिकाम्या रस्त्यावर पहिला धडा झाला. ताईने क्लच सोडला, गाडी आचका देऊन बंद पडली. धाकटा डॅशबोर्डकडे वळून म्हणाला, बघा मंडळी, गिअरबॉक्सने जीव सोडला. पुन्हा बंद पडली, पुन्हा टोमणा. ताईचे कान तापले. तिने स्टिअरिंगवरचे हातच काढून घेतले.

"कुणाशी बोलतोयस? इथे कुणी नाही. मी आहे फक्त."

धाकटा कॅमेरा असायचा त्या जागेकडे बघत राहिला. इतकी वर्षं त्या जागेशी बोलून बोलून शेजारी बसलेलं माणूस त्याला दिसेनासं झालं होतं. ताईला त्याचा राग यायचा तो येईना.

"गप्प बसलो की भीती वाटते गं," तो म्हणाला.

"मग वाटू दे. पण बस."

तो बसला. कसा, ते त्याचं त्यालाच ठाऊक. ताईच्या पायाला मशीनची सवय होतीच. क्लच एकदा कळल्यावर गाडी मुकाट चालू लागली. मधेच एकदा धाकटा साउंडवाल्याच्या घरी जाऊन आला. तिथे काय झालं ते बोलला नाही, पण आल्यावर दाढी केली.

परीक्षेत ताई एकदा आपटली, दुसऱ्यांदा पास झाली.

केंद्राकडे निघाले तेव्हा भावोजी तिच्या शेजारी बसले, धाकटा मागे. ताईचे दोन्ही हात स्टिअरिंगला चिकटलेले, गाडी मुंगीच्या चालीची, मागे हॉर्नचा नुसता गोंधळ.

"ज... रा..." भावोजींनी सुरुवात केली.

जपून. आणखी काय म्हणणार? ताईला आरशात दिसलं, धाकट्याचे ओठ उघडलेसुद्धा. मग त्याने ते घट्ट मिटून घेतले आणि पुढे वाकून तो भावोजींच्या तोंडाकडे बघत बसला. सिग्नल लागला, सुटला. मागचे लोक शिव्या देत बाजूने निघून गेले.

"...जो... रात."

ताईच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तिने गिअर बदलला.