हात गेला म्हणत होते

सीमेवरच्या आमच्या राजेश्वर गावात ट्रॉलीला रंग मारायचं काम नवऱ्याचं आणि त्यावर मालकाचं नाव घालायचं काम माझं. पुढच्या बाजूला कन्नडात, मागं मराठीत, कारण ट्रॉली ऊस घेऊन कुठल्या कारखान्याला जाईल त्याचा नेम न्हाई. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात पेंटरचं नाव घालायची पद्धत. तिथं नवऱ्याचं नाव. लग्न झाल्यापासून मीच ते घालत आले, आणि खरं सांगते, मला त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं.

एका वर्षी इनॅमलवर बारीक बारीक खड्डे पडायला लागले. रंग वाळता वाळता मधूनच बाजूला सरकायचा आणि माशाच्या डोळ्याएवढा पत्रा उघडा पडायचा. कारण मला दिसत होतं. आमचं ध्यान सकाळी डोक्याला तेल चोपडायचं आणि त्याच हातानं पत्रा पुसायचं. साबणानं हात धुवा म्हणलं तर ऐकेल तो पेंटर कसला. तो हुमनाबादला गेला आणि सिलिकॉनची बाटली घेऊन आला. हे रंगात टाकलं की रंग सारखा पसरतो, खड्डे पडत न्हाईत.

दुकानदारानं बजावलं होतं म्हणे, की डब्याला थेंबभरच टाकायचं, आणि लोखंडाचं वेगळं, लाकडाचं वेगळं, भिंतीचं वेगळं असतं. नवऱ्यानं ते ऐकलं आणि तिथंच सोडून आला. घरी येऊन फोडणीला तेल सोडावं तसं सोडायला लागला. ट्रॉलीचा पत्रा असा चकाकायला लागला की त्यात बघून तो भांग पाडायचा.

मग तीच बाटली सगळीकडं. माझ्या दिराच्या भिंतीच्या रंगात टाकली, तर भिंतीला देवी आल्यावानी वण उठले. नवरा म्हणाला, भिंतीला ओल हाय. एका दाराच्या पॉलिशमध्ये टाकली, तर वरून मारलेला दुसरा हात सालपटासारखा निघून आला. तेव्हा सुताराचं लाकूड खराब होतं. त्याचं स्वतःचं काही चुकलं असं मी अजून तरी ऐकलेलं न्हाई.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी कोहिनूर गावच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची ट्रॉली नावासाठी उभी होती. मी ब्रश टेकवला. अक्षर ओढलं, तर ते माझ्यासमोर आखडलं आणि त्याचे मणी झाले. पुसलं, परत लिहिलं, परत तेच.

"हात थरथरायलाय तुझा," नवरा म्हणाला. "वय झालं आता. सोड."

"राहू दे अक्का," तो शेतकरी म्हणाला. "रेडियमचं स्टिकर लावून घेतो."

त्याच्या आवाजात माया होती, त्याचाच जास्त राग आला. शेडमधला रंगवलेला पत्र्याचा तुकडा घेऊन घरी गेले, त्यावर लिहून बघितलं. तसेच मणी. मग मात्र मी रडले. घर नवऱ्याचं, शेड नवऱ्याचं, कोपऱ्यातलं नावसुद्धा नवऱ्याचं. हात तेवढा माझा होता.

दुसऱ्या दिवशी शेडमध्येच ट्रॉलीची पूजा. शेतकऱ्याच्या बायकोनं हळद कालवली, पंजा बुडवला आणि पत्र्यावर उमटवला. बघता बघता पंजाची बोटं आखडली, हळदीचे थेंब झाले आणि घरंगळून खाली गेले. तिनं परत उमटवला, परत तेच. बाई पांढरीफटक पडली. अपशकुन म्हणून कुजबुज सुरू झाली. तेवढ्यात मागचं स्टिकर कोपऱ्यातून सुटलं आणि नारळाच्या पाण्यात पडलं.

मी नवऱ्याकडं बघितलं. "आता काय, हळदीचाबी हात थरथरायलाय व्हय?"

तो पत्र्यावरची हळद बोटानं पुसायला लागला.

"त्या बाटलीतलं किती टाकलाव?"

"टोपण भरभरून," तो हळूच म्हणाला. "चमक चांगली यायली म्हणून."

त्या बाईला मी जवळ बसवून सांगितलं, अक्का, देवी रागावली न्हाई, ह्या बाबाचा रंगच कुणाला धरून घेत न्हाई. ती हसली. मग मी नवऱ्याला सगळ्यांदेखत साबणानं हात धुवायला लावले. पत्रा पॉलिश पेपरनं घासून घेतला, थिनरनं पुन्हा पुन्हा पुसून घेतला, आणि बाटली माझ्याजवळ ठेवून साधा रंग मारून घेतला.

दसऱ्याला परत पूजा झाली. पंजा उमटला तसा राहिला. मग मी पुढं कन्नडात नाव घातलं, मागं मराठीत. सगळी अक्षरं सरळ बसली. शेवटी कोपऱ्यात आले आणि ब्रश बुडवून माझं नाव लिहिलं.

नवरा डबा धरून उभा होता. "हे कामून?" म्हणाला.

"रंग धरतोय का बघायलेय," मी म्हणलं.

धरला.