आधी आक्काचा हात

फोन आला तेव्हा मी काष्टीच्या बाजारात बैलाचे दात बघत होतो. भाचीला एवढंच म्हणता आलं, “मामा... आई गेली.” माझी थोरली बहीण, आमची आक्का, वैद्यकीय कॉलेजात शिकवणारी गावातली पहिली डॉक्टरीण. भर बाजारात पोरासारखा रडलो मी, लाज कसली!

स्नायू राबायला लागले की रक्तदाब का चढतो, हा तिचा ध्यास. मला सांगायची, “अरे, राबणारा स्नायू मज्जातंतूंमधून मेंदूला हाका मारतो, रक्त कमी पडतंय, पाठव. मेंदू दाब वाढवतो. आता मूठ आवळून धर आणि सोडायच्या आधीच दाब मोजायचा पट्टा दंडाला बांधून हवेने फुगव. जुनं रक्त हातातच अडकतं, नवं येत नाही. मग मूठ सोडलीस तरी हाका थांबत नाहीत, दाब उतरत नाही.” कसलेल्या हातांत हे कसं चालतं, ते तिला पीएचडीसाठी तपासायचं होतं. आणि कसलेले हात म्हणजे आमची तालीम!

पण वस्ताद अडून बसले. “ताई, जत्रा तोंडावर हाय. पट्टा आवळून पोरांच्या हातातला जोर उतरला म्हंजी?” पैलवान नाहीत तर प्रबंध नाही. आक्काचा चेहरा पडला. पण ती कसली ऐकतेय! तिथेच आखाड्याच्या कडेला बसली, स्प्रिंगची मूठ आवळली आणि मला म्हणाली, “फुगव पट्टा.” हात जांभळा पडला, कपाळावर घाम आला... पण ‘आई गं’ म्हणाली नाही. पट्टा काढला आणि कुस्तीआधी पैलवान धरतात तसा हात वस्तादांपुढे धरला. वस्तादांनी हात मिळवला, पंजा दाबून पाहिला. “व्हय की, जोर हाय!” म्हणत स्वतःची बाही वर सारली. “आदी मला बांध. मग पोरं.”

प्रबंध झाला, परदेशात वाचला गेला. आक्का मात्र दर जत्रेला यायची, वस्तादांचा दाब बघायची. त्यासाठी तोच जुना पट्टा आमच्या घरी ठेवलेला असायचा.

दहाव्याला वस्ताद काठी टेकत आले. फोटोपुढे बसले, सवयीने बाही वर सारली... आणि तसेच थांबले. मी आतून पट्टा आणला. म्हटलं, “मला दाब बघता येत न्हाई, वस्ताद.”

“बघायचं न्हाई. बांध नुसता.”

बांधला. दारात तालमीतली पोरं उभी होती. म्हातारा छाती काढून त्यांना म्हणाला, “ह्यो पट्टा आदी तिनं सोताला बांधला हुता, मग आमाला.” मी सोडायला गेलो तर हात झटकला माझा. दंडाला पट्टा तसाच ठेवून वस्ताद तालमीकडे चालत गेले.