छापील कागदाला नाही म्हणणाऱ्या नलूमावशी

नलूमावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी प्लेनोच्या हायवेवर ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो. फोन त्यांच्या मुलीचा, केतकीचा. "दादा, आई गेली. झोपेतच..." एवढंच बोलली. त्याला सहा आठवडे झाले. दुःख हळूहळू खाली बसतंय. राग मात्र बसत नाही.

मावशी सख्ख्या नव्हेत. नागपूरहून इकडे परदेशात आलो तेव्हा पहिले दोन महिने त्यांच्याकडे राहिलो, त्या नात्याने मावशी. काका वारल्यावर त्या पश्चिमेला दोन तासांवर, काकांनी हौसेने घेतलेल्या चाळीस एकरांवर एकट्या राहायला गेल्या. जमिनीखालच्या तेल-वायूचे हक्कही त्यांचेच होते. तेल कंपनीचा एजंट आला तो डोनटचा खोका घेऊन, 'मॅम, मॅम' करत. त्याचं म्हणणं, हे छापील लीज, म्हणजे तेल काढू देण्याचा करार, सगळे शेजारी हेच साइन करतात, ऑफर शुक्रवारपर्यंतच. मावशींनी मला फोन केला तेव्हा मी मीटिंगमध्ये होतो.

"साइन करून टाका ना मावशी, कशाला डोकेदुखी?" हे मी म्हणालो होतो. लिहितानाही लाज वाटते.

"अरे, यात लिहिलंय, ते कुठेही खोदू शकतात. माझ्या पाण्याच्या बोअरजवळसुद्धा. मी वाचलंय. तू वाचलंस का?"

शेजारच्या वॉल्टरने वाचलं नव्हतं. त्याच्या बेडरूमपासून चाळीस पावलांवर आता कंपनीचा वायू दाबणारा कॉम्प्रेसर रात्रंदिवस घरघरतो. त्याच्या बायकोने खिडक्यांना गाद्या टेकवून ठेवल्यात. तक्रार केली की एजंट अदबीने त्याचीच सही दाखवतो!

मावशींनी उमेदीची वर्षं नागपूरच्या छापखान्यात मुद्रितं तपासण्यात घालवली होती. त्या गाडी काढून काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कोर्टहाउसमध्ये गेल्या आणि तिथे नोंदवलेली इतरांची लीजं चार दिवस एकेक करून वाचत बसल्या. पुढच्या शनिवारी एजंट आला तेव्हा मी तिथे होतो. माझ्या जमिनीवर खोदायचं नाही, शेजारून आडवं भोक पाडून खालून काय ते काढा. पाणी आधी आणि नंतर तुमच्या खर्चाने तपासा. तुमचे खर्च माझ्या रॉयल्टीतून, तेलाच्या वाट्यातून, कापायचे नाहीत. मावशींनी एवढंच मागितलं.

"असं आम्ही कुणालाच देत नाही, मॅम."

मावशींनी कोर्टहाउसमधल्या एका लीजची झेरॉक्स पुढे सरकवली. "यांना दिलंत."

त्याने वाचलं. हसू गेलं. "ते मोठे रँचर आहेत, मोठमोठ्या कुरणांचे मालक. त्यांची गोष्ट वेगळी."

"का? त्यांना तहान जास्त लागते?"

त्यानंतर सात महिने गेले. तुमच्यामुळे सगळ्यांचं काम अडलंय असे कंपनीचे फोन आले, मग महिनाभर मुद्दाम काहीच नाही. मावशींनी गावातला वकील केला, आणि तिन्ही अटी लिहून घेऊनच सही केली. इतक्या साध्या गोष्टीसाठी म्हाताऱ्या बाईला सात महिने झुंजवलं, हे मी विसरणार नाही.

...आणि त्या गेल्यावर दहाव्या दिवशी केतकीला कंपनीचं पाकीट आलं. आत लिलीच्या फुलांचं सांत्वनाचं कार्ड, त्यामागे सहीसाठी दोन पानं. मी तिच्याकडे पोचलो तेव्हा रडून थकलेली पोर पेन घेऊनच बसली होती. "लीजवर आईऐवजी माझं नाव, जस्ट नेम चेंज आहे, दादा." मी या वेळी वाचलं. दुसऱ्या पानावर, तळाशी, जमिनीवर न खोदण्याची आणि पाण्याची अट रद्द होत होती. जिवंतपणी जे हिसकावता आलं नाही, ते तेराव्याच्या आत घ्यायला निघाले होते! फुलांच्या कार्डाआड लपवून!

मूळ लीज शोधायला आम्ही तसेच तिकडे निघालो. मावशींच्या स्वयंपाकघरात, पोळ्यांच्या डब्याशेजारी त्यांची प्रत होती. पाण्याच्या अटीसमोर समासात पेन्सिलीने मराठीत काहीतरी लिहिलेलं. केतकीला मराठी वाचता येत नाही. "व्हॉट डझ इट से?"

मी वाचलं, "ही अट काढायला येतील. मी नसताना येतील."

केतकीने त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. मग तिने कंपनीचा कागद कार्डासकट, सही न करता, पाकिटात घालून वकिलाकडे पाठवला. लीज अजून तिथेच, डब्याशेजारी आहे. ती ते हलवू देत नाही.